जुन्या नकाशांतून ॲनिक

इंग्लंडच्या ईशान्येला, नॉर्थंबरलंड परगण्यात, ॲल्न नदीकाठी वसलेले छोटे बाजारगाव. स्पेलिंगमध्ये एल आणि डब्ल्यू ही अक्षरे असली तरी उच्चार ‘ॲनिक’ असाच होतो. येथील बाजाराला १२९१ मध्ये सनद मिळाली, तर किल्ला १३०९ पासून पर्सी घराण्याकडे आहे. नकाशांवरून गावाची घडण कशी उलगडावी याचा वस्तुपाठ म्हणून भूगोलाचे अभ्यासक ॲनिकचे नाव घेतात. याचे श्रेय एम. आर. जी. कॉन्झेन यांचे. बर्लिनमध्ये जन्मलेले हे भूगोलज्ञ १९३३ मध्ये ब्रिटनला आले आणि १९६० मध्ये त्यांनी या गावाच्या आराखड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला.

त्यांची पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. निरनिराळ्या काळांतले नकाशे एकाच मापावर आणून एकमेकांवर ठेवायचे आणि काय हलले, काय जागच्या जागी राहिले ते पाहायचे. इमारती लवकर बदलतात, जमिनीच्या तुकड्यांच्या हद्दी सावकाश, आणि रस्ते तर जवळजवळ बदलतच नाहीत. म्हणून अठराव्या शतकातल्या नकाशावरूनही मध्ययुगीन गावाचा अंदाज बांधता येतो.

बाजारपेठेचे उदाहरण घ्या. बाँडगेट, क्लेपोर्ट आणि नॅरोगेट या वाटा जिथे एकत्र येतात तिथे पूर्वी मोठा त्रिकोणी मोकळा माळ होता. आज त्याच्या मधोमध घरांचा पुंजका दिसतो. बाजाराच्या दिवशी मांडलेल्या पालांच्या आणि ठेल्यांच्या जागी हळूहळू पक्की दुकाने उभी राहिली, आणि त्यांच्या भोवतीच्या अरुंद गल्ल्या म्हणजे त्या माळाचे उरलेले काठ. हे कोणत्याही कागदपत्रापेक्षा नकाशा अधिक स्पष्ट सांगतो.

रस्त्याला लागून असलेले लांबट, अरुंद भूखंड म्हणजे ‘बर्गेज’. त्यांचे धारक ठरावीक रोख खंड भरत. ॲनिकमध्ये अशा भूखंडाची दर्शनी रुंदी साधारण २८ ते ३२ फूट. पुढे वाटण्या झाल्या तरी तुकडे बहुधा या मापाच्या हिशेबातच पडले. फेंकल स्ट्रीटवरील टीझडेल्स यार्ड हा यातला सर्वांत बोलका भूखंड. १७७४ च्या नकाशात त्याची मागची बाजू बरीचशी मोकळी आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे खोल्यांमागून खोल्या चढल्या, परसाची जागा दाट वस्तीने भरली, आणि विसाव्या शतकात ती पुन्हा साफ झाली. भरण्या-रिकामे होण्याच्या या फेऱ्याला कॉन्झेन ‘बर्गेज चक्र’ म्हणत. ॲनिकमध्ये १८४९ मध्ये आलेल्या कॉलऱ्याच्या साथीचे गांभीर्य ही दाट आवारे पाहिली की कळते. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर अनेक गावांचे मैलाला १० फूट मापाचे नकाशे निघाले. त्यांत पाण्याचे पंप आणि शौचकूपही दाखवलेले असतात.

रस्त्यांच्या नावांतला ‘गेट’ म्हणजे वेस नव्हे. जुन्या नॉर्स भाषेत ‘गाता’ म्हणजे रस्ता. त्यामुळे पॉटरगेट म्हणजे कुंभारांची आळी आणि वॉकरगेट म्हणजे कापड तुडवून घट्ट करणाऱ्यांची. कॅननगेटला मात्र ११४७ मध्ये स्थापन झालेल्या मठातील धर्मगुरूंचे नाव आहे. बाँडगेटवर खरी वेसही आहे, पण ती पंधराव्या शतकातल्या तटबंदीची.

नकाशा कोणासाठी काढला हे आधी विचारावे. जमीनदाराचा मोजणीदार खंड देणाऱ्या जमिनी काळजीने रेखाटतो. १८३६ च्या कायद्यानंतरचे दशांश-नकाशे धर्मकराच्या, म्हणजे शेतीच्या उत्पन्नातून चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्शाच्या, आकारणीसाठी असल्याने गावाच्या मध्यभागाबद्दल ते बऱ्याचदा गप्प असतात. तिथे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा आधार घ्यावा: या संस्थेने ४,००० हून अधिक वस्तीच्या गावांसाठी १:५०० मापाचे नकाशे काढले, आणि त्यांत दिव्याचे खांबही सापडतात.

बाँडगेटच्या वेशीबाहेर १८५० मध्ये रेल्वे आली. १८८७ चे स्थानक अजून उभे आहे. गाड्या १९६८ मध्ये थांबल्या आणि आता तिथे जुन्या पुस्तकांचे मोठे दुकान आहे.