बसण्याची जागा (पोकर व तीनपत्ती)

पत्त्यांच्या पैशाच्या खेळात आपली पाळी कितवी येते, हे पाहून हातातल्या पानांची किंमत ठरवण्याची रीत. पोकर खेळणारे तिला ‘पोझिशन’ म्हणतात. विदर्भातल्या खेड्यांत पोकरचा पट क्वचितच मांडला जातो. पोळ्याच्या दिवसांत रंगते ती तीनपत्ती.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात वाटणाऱ्याची खूण, म्हणजे बटण, दर डावाला एक घर डावीकडे सरकते. बटणापुढचे दोघे पत्ते पाहण्याआधीच सक्तीची रक्कम, म्हणजे ब्लाइंड, टाकतात. पहिल्या फेरीत त्यांची पाळी शेवटी येते. टेबलावर सर्वांची सामाईक पाने उघडल्यानंतरच्या तिन्ही फेऱ्यांत मात्र त्यांनाच आधी बोलावे, म्हणजे खेळायचे की सोडायचे ते सांगावे लागते आणि बटणवाला सगळ्यांचे ऐकून बोलतो. नऊ जणांत राजा-नव्वी आली आणि आपण ब्लाइंडच्या लगेच पुढे असलो, तर ती मुकाट्याने टाकून द्यावी. आठ जण अजून बोलायचे आहेत. बटणावर, मधले सगळे पॅक झाले, म्हणजे पाने टाकून डावाबाहेर गेले असतील तर त्याच पानांवर रक्कम वाढवावी.

तीनपत्तीला हा हिशेब अर्धाच लागू पडतो. पहिल्या फेरीत वाटणारा शेवटी बोलतो खरा, पण फेऱ्या ठरलेल्या नसल्याने चाल फिरत राहते आणि पहिला-शेवटचा भेद विरून जातो. उरतो तो शेजार. कडुनिंबाखाली ताडपत्रीवर सहा गडी बसलेत. आपल्या आधीचा पत्ते न पाहता, म्हणजे इथल्या भाषेत ब्लाइंड, दहा टाकतो. आपल्याकडे अठ्ठ्यांची जोडी आहे, पाहून खेळतो म्हणून किमान वीस टाकावे लागतात. साइड शो, म्हणजे दोघांनीच आपापसात पाने ताडून हलक्या हाताने पॅक होणे, आधीच्या गड्यालाच मागता येतो, तोही पत्ते पाहिलेल्याला. म्हणजे शेजारी ब्लाइंडला चिकटून बसला, तर जोडी घेऊन नुसते पैसे ओतायचे. बरोबरी झाली तर मागणाराच पॅक होतो, हेही ध्यानात असावे. त्यातून 22,100 संभाव्य हातांपैकी 16,440 हातांत जोडीसुद्धा नसते. माणसे ब्लाइंड का रेटतात, ते इथे कळते.

सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले. फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणाऱ्या तीन पानी खेळाला मात्र निव्वळ नशिबाचा म्हटले. पोळ्याच्या सुमारास जुगारावर धाडी पडतात. तेव्हा बटण कुठेही असो, गोठ्याच्या दाराकडे तोंड करून बसलेल्याची जागा सर्वांत चांगली.