एक्स-रे एक्सपोजर

एक्स-रे काढण्याआधी टेक्निशियन पॅनेलवर जे आकडे लावतो, त्यांना मिळून एक्सपोजर म्हणतात. मुख्य आकडे दोन. केव्ही म्हणजे नळीवरचा विद्युतदाब. किरण शरीरातून कितपत आरपार जातील हे त्यावर ठरते. एमएएस म्हणजे नळीतला प्रवाह गुणिले वेळ; किरण किती निघतील हे त्यावर ठरते. एमएएस दुप्पट केले की रुग्णाला मिळणारी मात्राही दुप्पट होते.

केव्ही सुमारे १५ टक्के वाढवले तर निम्मे एमएएस पुरते. ७० केव्ही, २० एमएएसऐवजी ८० केव्ही, १० एमएएस घेतले, तर चित्राचा काळेपणा जवळपास तोच राहतो आणि त्वचेवर पडणारी मात्रा साधारण एक तृतीयांशाने घटते. कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, मात्र उतरतो. छातीला ते चालते; तिथे ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लावून ११० ते १२५ केव्ही घेतात, उलट त्यामुळे फासळ्या फिकट होऊन मागचे फुप्फुस नीट दिसते. मनगटाला ५०-५५ भरपूर झाले.

फिल्मच्या काळात चूक लपत नसे. एक्सपोजर जास्त झाले की फिल्म काळी, कमी पडले की पांढरी. डिजिटल डिटेक्टर आले आणि उजळपणा संगणक आपोआप जुळवू लागला. आता मात्रा कमी पडली तर चित्र दाणेदार येते, रेडिओलॉजिस्ट लगेच तक्रार करतात. दुप्पट झाली तर चित्र उलट स्वच्छच दिसते, कोणी काही बोलत नाही. मग आकडे हळूहळू वर सरकत जातात. याला ‘एक्सपोजर क्रीप’ म्हणतात. डिजिटल एक्स-रेमधला सर्वांत गंभीर दोष हाच, कारण तो चित्रात दिसत नाही.

त्यावर २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यानुसार प्रत्येक चित्रासोबत डीआय (डेव्हिएशन इंडेक्स) हा आकडा येतो; ठरवलेल्या लक्ष्यापेक्षा एक्सपोजर किती कमी-जास्त झाले हे तो सांगतो. डीआय ० असेल तर एक्सपोजर ठरवल्याप्रमाणे झाले. +३ म्हणजे दुप्पट, -३ म्हणजे निम्मे. मात्र हे माप डिटेक्टरवर पोचलेल्या किरणांचे आहे, रुग्णाच्या मात्रेचे नव्हे. शिवाय मूळ लक्ष्यच चढे ठेवले असेल तर डीआय ० दिसूनही मात्रा जास्तच जाते. त्यामुळे लक्ष्य कोणी आणि कशावरून ठरवले, हे प्रत्येक विभागाने तपासलेच पाहिजे.

लहान मुलांच्या बाबतीत तर हयगय चालतच नाही. त्यांच्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि पुढचे आयुष्यही मोठे असते. बाळाच्या छातीला ग्रिड लागत नाही. तो चुकून लावलेलाच राहिला तर मात्रा विनाकारण कित्येक पट वाढते. पॅनेलवर आधीच्या प्रौढ रुग्णाचे आकडे तसेच राहिले नाहीत ना, हे बटण दाबण्यापूर्वी पाहावे लागते.