कामगार अधिकारी ते एचआर: मधल्या खुर्चीची पार्श्वभूमी

एचआरमध्ये काम करणाऱ्यांना नोकरीत समाधान आहे का असं विचारलं, तर पगार, बढती, उशिरापर्यंत बसणं या तक्रारी निघतात. त्या कुठल्याही नोकरीत निघतील. पण एक तक्रार खास त्यांचीच आहे. कर्मचारी त्यांना मॅनेजमेंटचा माणूस समजतात आणि मॅनेजमेंटच्या लेखी त्यांचं खातं म्हणजे नुसता खर्च. ही कोंडी लॅपटॉप आणि अप्रेझलच्या काळात जन्मलेली नाही. तिला नव्वद वर्षं होऊन गेली आणि तिचा मोठा भाग परळ-लालबागमध्ये घडला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत मुंबईच्या गिरणीत माणूस लागायचा तो जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातून. कोकणातून किंवा घाटावरून आलेला तरुण गाववाल्यांच्या ओळखीनं जॉबरपर्यंत पोचायचा, त्याला दस्तुरी, म्हणजे काम लावून दिल्याचे पैसे, द्यायचा आणि बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, काम मिळेल म्हणून सकाळी गेटवर उभा राहायचा. कोणाला घ्यायचं, कोणाला घरी बसवायचं, रजेवरून परतलेल्याला त्याचा साचा (माग) परत द्यायचा की नाही, हे जॉबर ठरवायचा. तो नुसता लुटारू होता असंही नाही. अडीनडीला कर्ज देणारा, चाळीत राहायची सोय लावून देणारा, संपाच्या वेळी कधी कामगारांच्या पुढे तर कधी मालकाच्या मागे उभा राहणारा असा तो माणूस होता. आज भरती, हजेरी, शिस्त आणि तक्रार निवारण अशी ज्या कामांची वेगवेगळी टेबलं असतात, ती सगळी त्याच्या एकट्याच्या हातात होती आणि त्यावर कोणाचाही अंकुश नव्हता.

१९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगानं, म्हणजे जॉन हेन्री व्हिटली यांच्या आयोगानं, या व्यवस्थेवर बोट ठेवलं. परळच्या कामगार वस्तीत समाजकार्य उभं करणारे नारायण मल्हार जोशी या आयोगाचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगानं सुचवलं की भरतीचं काम जॉबरकडून काढून घ्यावं आणि प्रत्येक मोठ्या कारखान्यात कामगार अधिकारी नेमावा. तो फक्त मुख्य व्यवस्थापकाच्या हाताखाली असावा, खातेप्रमुखांच्या नव्हे. त्याची निवड पारखून करावी. सचोटी, व्यक्तिमत्त्व, उमेद, माणूस ओळखण्याची हातोटी आणि भाषांवर पकड हे गुण त्याच्यात असावेत. या यादीत कायद्याचं ज्ञान पहिल्या ओळीत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कामगाराची बोली समजणारा माणूस आयोगाला हवा होता.

१९३४ मध्ये मुंबई इलाख्यात औद्योगिक तंट्यांत समेट घडवण्याचा कायदा झाला आणि सरकारी कामगार अधिकारी हे पद आलं. गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मालकांसमोर मांडणं हे त्याचं काम. गिरणी मालकांच्या संघानंही आपला कामगार अधिकारी नेमला, पुढे एकेका गिरणीनं नेमले. म्हणजे जवळपास एकाच नावाचे दोन अधिकारी झाले, एक सरकारचा आणि एक मालकाचा, आणि दोघंही कामगारांशी बोलणार. दोघांच्या अंगावर साहेबी कपडे. त्यातला आपला कोण हे कामगारांनी कसं ओळखायचं? १९३५ पासून मालक संघानं बदली कामगारांना कार्डं देऊन रोजच्या भरतीला शिस्त लावायला घेतली. जॉबरची पकड त्यानं एकदम सुटली नाही, पण माणूस नेमण्याचा अधिकार हळूहळू कागदावर आणि कचेरीत सरकू लागला.

या कामासाठी शिकलेली माणसं कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न. १९३६ मध्ये नागपाड्याला क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर शाळा सुरू झाली. तीच १९४४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. १९४७ मध्ये बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट निघालं. परळची ही संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावानं ओळखली जाते. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून ज्यांनी लढा दिला, त्यांचं नाव कामगार अधिकारी घडवणाऱ्या संस्थेला लाभावं हे उचितच झालं. या व्यवसायाचं शिक्षण आपल्याकडे समाजकार्याच्या वर्गात सुरू झालं, व्यापाराच्या नाही. इंग्लंडमध्येही बीज तेच होतं. यॉर्कच्या राउंट्री चॉकलेट कारखान्यात १८९६ मध्ये मेरी वूड या बाईंना कल्याणकार्यासाठी नेमलं होतं, आणि १९१३ मध्ये अशाच कार्यकर्त्यांनी यॉर्कमध्ये जमून संघटना काढली. तिथली आजची एचआर व्यावसायिकांची मोठी संस्था तिच्यातूनच वाढली.

मग १९४८ चा कारखाना अधिनियम आला. त्याच्या ४९ व्या कलमानं पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. त्याची पात्रता, कर्तव्यं आणि सेवाशर्ती ठरवण्याचं काम राज्यांकडे गेलं. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या असमाधानाचं मूळ इथेच दिसतं.

अनेक राज्यांच्या नियमांत दोन तरतुदी होत्या. कल्याण अधिकाऱ्यानं कामगारांविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणं चालवू नयेत आणि मॅनेजमेंटच्या वतीनं कामगारांविरुद्ध कोर्टात किंवा समेट अधिकाऱ्यापुढे उभं राहू नये, ही एक. त्याला काढायचं किंवा मोठी शिक्षा करायची तर कामगार आयुक्तांची संमती घ्यावी, ही दुसरी. कायदा करणाऱ्यांना या खुर्चीचा पेच कळला होता. पगार मालक देणार आणि भलं कामगाराचं बघायचं, तर त्या माणसाच्या पाठीशी कोणीतरी उभं राहायला हवं, हे त्यांनी ओळखलं आणि तसं लिहून ठेवलं.

प्रत्यक्षात काय झालं? एकाच कारखान्यात कल्याण अधिकारी वेगळा आणि भरती-शिस्त बघणारा पर्सोनेल ऑफिसर वेगळा ठेवणं पुष्कळ मालकांना परवडेना किंवा पटेना. मग एकाच माणसाच्या हातात दोन्ही आलं. सकाळी कँटीनचा चहा, पाळणाघर, प्रथमोपचाराची पेटी बघायची आणि दुपारी त्याच कामगाराची चार्जशीट टाइप करून घ्यायची. सहीच्या खाली पदनाम बदलायचं, माणूस तोच. त्यात १९४६ चे स्टँडिंग ऑर्डर्स (नोकरीच्या अटींचे लेखी नियम), १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८ ची राज्य विमा योजना आणि १९५२ चा भविष्यनिर्वाह निधी यांच्या नोंदवह्या आल्या. समाजकार्य शिकून आलेला पदवीधर मस्टर (हजेरीपट), सरकारी रिटर्न आणि चलनांत बुडाला. मस्टर चुकलं तर माणसाचा पगार चुकतो, म्हणून त्या कामाला कमी लेखून चालत नाही. पण ज्या ओढीनं तो या कामाला आला होता, ती ओढ पुरी करायला वेळ उरेना.

याच सुमारास अमेरिकेत या खात्याच्या दुखण्याला शब्द मिळत होते. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये लिहिलं की पर्सोनेलचं काम म्हणजे थोडी कारकुनी, थोडी घरकाम केल्यासारखी आवराआवर, थोडं समाजकार्य आणि थोडी लागलेली आग विझवणं. वाक्य बोचरं आहे, पण आपल्याकडच्या त्या काळच्या कुठल्याही लेबर ऑफिसरनं त्याला मान डोलावली असती. १९५९ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनिसांशी बोलून एक मांडणी केली. समाधान मिळतं ते स्वतःच्या कामातून, यशातून, कौतुकातून आणि जबाबदारीतून. कंपनीची धोरणं, पगार, देखरेख, कामाची जागा यांच्यामुळे मुख्यतः असमाधान येतं. ती नीट असली तर तक्रार थांबते, पण त्यांनी मन भरत नाही.

ही मांडणी वादातीत नाही. तरी तिच्यातून एचआरवाल्याकडे पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. धोरणं, पगार, रजा, सोयी, म्हणजे हर्झबर्ग यांच्या दुसऱ्या यादीतलं सगळं, हेच त्याचं रोजचं काम. ते चोख झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पगार एक तारखेला झाला म्हणून पगारपत्रक करणाऱ्याकडे कोणी पेढे घेऊन जात नाही. तो तीन तारखेला झाला तर मात्र सगळा मजला दारात उभा असतो. १९६४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट कान आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू दाखवली: ज्याच्याकडून दोन बाजू उलट अपेक्षा करतात, त्याचा ताण वाढतो आणि समाधान घटतं. आपल्याकडे १९४८ च्या कायद्यानं एकाच खुर्चीत नेमक्या अशाच अपेक्षा एकत्र आणल्या होत्या.

महाराष्ट्रात सत्तरचं दशक हे युनियनच्या मान्यतेचं आणि कोर्टकचेऱ्यांचं. १९७१ चा युनियन मान्यतेचा आणि अनुचित कामगार प्रथांचा राज्य कायदा १९७५ पासून लागू झाला, आणि पर्सोनेल मॅनेजरचे दिवस औद्योगिक न्यायालयाच्या तारखांत जाऊ लागले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले फार थोडे पुन्हा पूर्वीसारखे आत गेले. त्यानंतर कारखान्या-कारखान्यांत स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म आले. ते फॉर्म भरून घ्यायला बसलेली माणसं बहुतेक ठिकाणी पर्सोनेलचीच होती. ज्याची भरती आपण केली, त्याचीच सही घेऊन त्याला घरी पाठवायचं. या कामाची झळ त्या माणसांनाही लागली असणार. गिरणगावाच्या इतिहासात कामगाराचं दुःख योग्य कारणानं मध्यभागी आहे, पण टेबलापलीकडच्या माणसाबद्दल फारसं कोणी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

नेमक्या याच काळात नवा शब्द रुजत होता. लार्सन अँड टुब्रोनं अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्याकडून आपल्या पद्धतींची पाहणी करून घेतली आणि १९७५ च्या सुमारास मनुष्यबळ विकासाचं वेगळं खातं उभं केलं. माणसाच्या वाढीचं काम युनियनच्या वाटाघाटी आणि हजेरीपासून वेगळं असावं, असा दोघांचा विचार होता. पारीक यांनी पुढे नोकरीतल्या भूमिकेचे ताण मोजण्याची मोजपट्टी तयार केली आणि तिच्यात दहा प्रकार सांगितले. भूमिकेची झीज हा त्यातला एक: जे आपलं काम होतं ते दुसऱ्याकडे गेलंय ही जाणीव. आज पगारपत्रक बाहेरची कंपनी करते, भरती एजन्सी करते, रजा ॲप मंजूर करतं. पारीक यांचा तो शब्द आजच्या एचआरला जितका लागू पडतो तितका क्वचितच कोणाला पडत असेल.

व्यवसायाच्या संस्थांनीही नावं बदलली. कोलकात्याची पर्सोनेल मॅनेजमेंटची संस्था आणि मुंबईची लेबर मॅनेजमेंटची संस्था १९८० मध्ये एक झाल्या, आणि नव्या नावात पर्सोनेल राहिलं, लेबर गेलं. १९८५ मध्ये मनुष्यबळ विकासवाल्यांचं राष्ट्रीय नेटवर्क निघालं. मग १९९७ मध्ये अमेरिकेतले व्यवस्थापनाचे प्राध्यापक डेव्ह उलरिक यांनी एचआरच्या चार भूमिका सांगितल्या: धंद्यातला भागीदार, कारभारातला तज्ज्ञ, कर्मचाऱ्यांचा कैवारी आणि बदल घडवणारा. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या कंपन्यांत ‘बिझनेस पार्टनर’ हे पदनाम दिसू लागलं. चारांतली पहिली भूमिका व्हिजिटिंग कार्डावर आली. कैवाऱ्याची भूमिका कार्डावर छापलेली मी तरी कुठे पाहिली नाही.

मधे उभं राहण्याची किंमत किती जबर असू शकते हे १८ जुलै २०१२ ला हरियाणातल्या मनेसरला दिसलं. मारुती सुझुकीच्या कारखान्यातल्या हिंसाचारात आणि आगीत मनुष्यबळ विभागाच्या महाव्यवस्थापकांचा जीव गेला. पुढे शेकडो कामगारांची नोकरी गेली आणि कित्येकांनी तुरुंगात वर्षं काढली. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानंतर तक्रारींचं आणखी एक नाजूक काम बहुतेक ठिकाणी एचआरच्या टेबलावर आलं. अलीकडे नोकरकपातीचे व्हिडिओ कॉल आले. पंधरा मिनिटांत माणसाला नोकरी गेल्याचं सांगायचं, लॅपटॉप कधी जमा करायचा ते सांगायचं आणि पुढच्या नावाला फोन लावायचा. त्या यादीत संध्याकाळी आपलंही नाव येणार का, हे फोन लावणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत कारखान्यातल्या कल्याण अधिकाऱ्यासाठीची मर्यादा पाचशेवरून अडीचशे कामगारांवर आली आहे. म्हणजे ही खुर्ची आता जास्त कारखान्यांत लागेल. या संहितेखालचे राज्यांचे नियम हातात घेताना मी कँटीन आणि पाळणाघराच्या तरतुदी नंतर वाचेन. त्याआधी दोन गोष्टी शोधेन: कामगारांविरुद्ध मॅनेजमेंटच्या वतीनं उभं राहायचं नाही, हे वाक्य त्यात आहे का, आणि त्या अधिकाऱ्याला काढायचं असेल तर कोणाला विचारावं लागतं.