खडकीच्या मातीतून टर्फवर: धनराज पिल्लेच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

पुण्यात खेळ म्हटला की लोक क्रिकेटबद्दल बोलू लागतात. खडकीत मात्र लष्करी छावणी, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि कामगारांच्या वसाहतींमुळे हॉकी रुजली. या खडकीत १६ जुलै १९६८ रोजी एका तमिळ कुटुंबात धनराज पिल्लेचा जन्म झाला. वडील नागलिंगम मैदानाची देखभाल करायचे. घरात मुलं बरीच, नवी स्टिक घेण्याची ऐपत नाही. मग मोडक्या स्टिक दोरीने करकचून बांधायच्या, कुणीतरी टाकून दिलेला चेंडू शोधायचा आणि खेळायचं.

तो खेळायला शिकत होता तेव्हा हॉकीच्या पायाखालची जमीन अक्षरशः बदलली होती. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम गवतावर, म्हणजे टर्फवर, सामने झाले आणि भारत सातवा आला. १९८० मध्ये मॉस्कोत सुवर्ण मिळालं खरं, पण बहिष्कारामुळे बरेच बलाढ्य संघ तिथे आलेच नव्हते. मातीवर चेंडू उसळतो, अडखळतो, त्यामुळे तिथे मनगटाची कला चालते. टर्फवर तो सरळ आणि वेगात जातो. तिथे तेव्हाच्या सामन्याची सत्तर मिनिटं पळण्याचा दमसास लागायचा. युरोपात टर्फ झपाट्याने पसरली, आपली बहुतेक मुलं मातीवरच शिकत राहिली. धनराजचं मोठेपण मला इथे दिसतं: हात मातीवर घडलेले, आणि पाय मात्र टर्फवरच्या कुठल्याही बचावपटूला मागे टाकणारे.

मोठा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ या सरकारी खत कंपनीच्या संघाकडून खेळायचा. त्याच्या मागोमाग धनराज मुंबईला आला, महिंद्राच्या संघात जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली तयार झाला, नंतर एअर इंडियात गेला. डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीतल्या आशिया चषकात तो भारताकडून पहिल्यांदा उतरला.

पुढच्या पंधरा वर्षांत चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई स्पर्धा. १९९४ च्या सिडनी विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात तो एकटाच भारतीय होता. संघाची अवस्था मात्र बिकट. ऑलिंपिकमध्ये बार्सिलोनात सातवा, अटलांटात आठवा.

म्हणून १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेचं मोल मोठं. धनराज कर्णधार, एम. के. कौशिक प्रशिक्षक. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी बरोबरीत सुटला, पेनल्टी स्ट्रोक्सवर भारत जिंकला आणि ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण परत आलं. यानंतर काय व्हायला हवं होतं? झालं असं की सामन्यांचं तुटपुंजं मानधन आणि अपुऱ्या सोयी यांवर खेळाडू उघड बोलले, आणि धनराजसह सात ज्येष्ठांना वगळण्यात आलं. कौशिकही गेले. अधिकृत कारण दिलं ‘विश्रांती’चं. सुवर्ण जिंकून आलेला संघ असा मोडणं हा अन्यायच होता, आणि तो अजूनही सलतो.

पुढे त्याला परत बोलावावंच लागलं. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरी हाताशी होती. पोलंडविरुद्ध फक्त जिंकायचं होतं आणि भारत एका गोलने पुढे होता. शेवटच्या दोन मिनिटांत पोलंडने बरोबरी साधली. एवढ्या जवळ तो पुन्हा कधीच पोहोचला नाही.

तरी तो थांबला नाही. २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००३ मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला हरवून भारताने आशिया चषक जिंकला तेव्हा कर्णधार धनराजच होता, वय ३५. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये भारत पुन्हा सातवा आला आणि ही कारकीर्द संपली.

भारतासाठी तो ३३९ सामने खेळला. त्यात गोल किती केले, याची खात्रीलायक नोंद मात्र तेव्हाच्या हॉकी महासंघाने ठेवलीच नाही.