अस्थिव्यंगोपचार

हाडे व सांधे यांत जन्मतः असलेली किंवा पुढे आजार, कुपोषण, पक्षाघात वा दुखापतीमुळे आलेली विरूपता रोखण्याचे व सुधारण्याचे उपचार. अस्थिभंग आणि सांध्यांची झीज आज अस्थिरोगतज्ज्ञांचा बराच वेळ घेतात. या शाखेचा उगम मात्र वाकड्या पायांच्या आणि पाठीच्या मुलांवरील उपचारांत आहे.

जन्मजात वाकडे पाऊल हातांनी हळूहळू वळवून बांधावे आणि उपचार शक्य तितक्या लवकर सुरू करावेत, असा सल्ला प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रॅटिस यांच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात आढळतो. पॅरिसचे निकोलस आंद्री यांनी 1741 मध्ये मुलांच्या विरूपतांवर ग्रंथ लिहिला, तरी तो प्रामुख्याने पालकांसाठी होता. केवळ अशा रुग्णांसाठी असलेली पहिली संस्था झां-आंद्रे व्हेनेल यांनी स्वित्झर्लंडमधील ऑर्ब येथे काढली. तिचे वर्ष काही लेखक 1780, तर काही 1790 देतात. बहुतेकांचा कल पहिल्याकडे दिसतो. जर्मन शल्यचिकित्सक श्ट्रोमायर यांनी 1831 मध्ये त्वचेतील बारीक छिद्रातून टाचेची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) कापण्याची पद्धत रूढ केली. जंतुसंसर्गाचे भय मोठे होते त्या काळात ही लहान जखम फार मोलाची ठरली. हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रिया (अस्थिछेदन) निर्जंतुक शस्त्रक्रियेचा प्रसार झाल्यावरच सुरक्षित झाली.

वाढत्या हाडाच्या टोकाजवळील कूर्चेवर सतत जादा दाब राहिला की तेथील वाढ मंदावते, दाब कमी झाला की ती वेग घेते. त्यामुळे एकदा वाकू लागलेला गुडघा भाराच्या असमतोलाने आणखी वाकत जातो. उपचारही याच गुणधर्माचा उपयोग करतात : वाढ शिल्लक असताना कूर्चेच्या एका बाजूला लहान पट्टी व स्क्रू बसवून तेवढीच बाजू रोखली, की दुसरी बाजू वाढत राहून पाय आपोआप सरळ होतो. वाढ संपलेल्या रुग्णात हा मार्ग उरत नाही. मुडदुसामुळे वाकलेल्या पायांना मात्र आधी जीवनसत्त्व ड, कॅल्शियम किंवा मूळ विकारानुसार इतर औषधे लागतात. रोग चालू असताना हाड कापल्यास वाक पुन्हा येतो.

जन्मजात वाकडे पाऊल साधारणपणे हजार जन्मांमागे एका बालकात आढळते. विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या अमेरिकी शल्यचिकित्सक काइट यांच्या पद्धतीत पाऊल बाहेर वळवताना अंगठ्याचा आधार पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावर दिला जाई. त्याने टाचेचे हाड जागीच अडकते आणि टाच आत वळलेलीच राहते, हे अमेरिकेतील आयोवा येथील अस्थिरोगतज्ज्ञ इग्नासिओ पोन्सेटी यांनी शरीररचनेच्या अभ्यासातून दाखवले. त्यांच्या पद्धतीत अंगठा घोट्यातील टॅलस या हाडाच्या बाहेरील बाजूस टेकवून बाकीचे पाऊल त्याभोवती फिरवतात. प्रथम पुढचा भाग किंचित वर उचलून तळव्याची जादा कमान घालवतात. तो खाली पिळल्यास विकृती वाढते. मांडीपर्यंतचे प्लास्टर आठवड्याने बदलतात आणि बहुधा पाच-सहा प्लास्टरांत पाऊल बाहेर वळते. बहुतेक बालकांत शेवटी टाचेची कंडरा कापावी लागते; तीन आठवड्यांच्या अखेरच्या प्लास्टरात ती लांब होऊन जुळते. त्यानंतर दांड्याला जोडलेले बूट तीन महिने जवळजवळ दिवसभर व पुढे चार वर्षांच्या वयापर्यंत झोपेत घालावे लागतात. पाऊल पुन्हा वाकण्याचे सर्वांत सामान्य कारण बूट सोडणे हेच असते. म्हणून पालकांना पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगणे प्लास्टराइतकेच महत्त्वाचे आहे. ही पद्धत 1963 मध्ये प्रसिद्ध होऊनही तिचा व्यापक स्वीकार शतकाच्या अखेरीसच झाला. मधल्या काळात मोठ्या शस्त्रक्रिया झालेली अनेक पावले प्रौढपणी ताठ व वेदनामय झाली.

आखूड हाड लांब करण्याच्या तंत्राचे श्रेय बहुधा सायबेरियातील कुर्गान येथील गाव्रिल इलिझारोव्ह यांना दिले जाते. हाड कापून ते ताणण्याचे प्रयोग इटलीत कोदिव्हिल्ला यांनी 1905 मध्येच प्रसिद्ध केले होते. त्यांत ताण एकदम व जोराने दिला जाई आणि गुंतागुंत मोठी होती. इलिझारोव्ह यांनी 1951 च्या सुमारास हाडातून ताणून घातलेल्या तारा व त्यांना बाहेरून धरणाऱ्या कड्यांचे साधन तयार केले. एका रुग्णाने साधनाचे नट चुकून उलटे फिरवल्याने हाडाची टोके दूर गेली आणि फटीत नवे हाड दिसले, ही कथा वारंवार सांगितली जाते. पद्धतीचे नियम मात्र पुढील प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध झाले, हेच अधिक ग्राह्य वाटते. अस्थिआवरण जपून हाड कापतात, पाच ते सात दिवस थांबतात आणि मग दिवसाला 1 मिमी., तोही पाव-पाव मिमी.च्या चार टप्प्यांत, ताण देतात. वेग कमी पडला तर फट अकाली भरून येते, वाढला तर नवे हाड नीट तयार होत नाही. लांबी मिळाल्यावरही हाड घट्ट होईपर्यंत साधन काढता येत नाही, 1 सेंमी. लांबीमागे एकूण महिना किंवा त्याहून अधिक काळ जातो. तारांच्या जागी संसर्ग आणि जवळच्या सांध्यांचे आखडणे या नेहमीच्या अडचणी आहेत.

पाठीच्या कण्याचा बाजूचा वाक क्ष-किरण चित्रावरील कॉब कोनाने (वाकाच्या वरच्या व खालच्या टोकांच्या सर्वांत कललेल्या मणक्यांमधील कोनाने) मोजतात. वाढत्या मुलांत सुमारे 25 ते 40 अंशांपर्यंत पट्टा वापरतात, 45-50 अंशांपुढे बहुधा शस्त्रक्रियेचा विचार होतो. खुब्याचा जन्मजात सैलपणा पहिल्या काही महिन्यांत लक्षात आला, तर पाव्हलिक पट्ट्याने पाय वाकवून फाकलेले ठेवणे बहुतेकदा पुरते.