पुनर्वसनाची बिल्डिंग आणि खालच्या मजल्यावरचा टीबी

सरकारी निर्णय घेण्याआधी त्याचा लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम होईल ते तपासा, अशी मागणी आता मुंबईत अधूनमधून ऐकू येते. आरोग्य परिणाम मूल्यमापन असं तिचं भारदस्त नाव आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं परदेशातून आलेलं नवीन काहीतरी असणार. पण घर, रस्ता, कचरा यांचा निर्णय हाच तब्येतीचाही निर्णय असतो हे या शहराने सव्वाशे वर्षांपूर्वी चांगलंच भोगलंय, नंतर ते कुठल्यातरी फायलीत मागे पडलं एवढंच.

१८९६ चा प्लेग, मांडवी, गोदीजवळची धान्याची गोदामं, हे सगळ्यांना माहीत आहे, ते परत सांगत बसत नाही. कामाचा भाग असा की १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी वेगळा ट्रस्ट काढला गेला आणि त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सॅण्डहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, पुढे दादर-माटुंग्याकडे नवीन वसाहती आखल्या. ज्यांच्या खोल्या गेल्या त्यांची सोय नीट झाली नाही, ते शेजारच्याच गल्ल्यांत दाटीने घुसले, आणि त्याबद्दल ट्रस्टला ज्या शिव्या बसल्या त्या योग्यच होत्या. पण त्याच ट्रस्टचा एक नियम आज फार कमी लोकांना माहीत आहे. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. मोकळ्या जागेच्या टोकापासून बिल्डिंगच्या माथ्याकडे रेघ ओढली तर तिचा जमिनीशी कोन याहून जास्त नको. हा कोन घेतला की हिशोब साधारण असा येतो, की बाजूला जेवढी मोकळी जागा त्याच्या दुपटीपेक्षा बिल्डिंग उंच नको. म्हणजे खालच्या खोलीलाही उजेड आणि वारा मिळेल. तेव्हा रोगांबद्दलच्या समजुती अर्ध्या चुकीच्या होत्या, प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे अजून सगळ्यांच्या गळी उतरलं नव्हतं, तरी नियम मात्र बरोबर निघाला. दुपटीचा हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधला काळ पटकन उरकतो. १९४६ च्या भोर समितीच्या सरकारी अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली, पण तिचा सगळा रोख खेड्यांवर. शहरात मोठी हॉस्पिटलं आहेतच की, असं धरून चाललं सगळं, आणि मुंबईतला माणूस साध्या तापालाही परळच्या हॉस्पिटलच्या लाइनीत उभा राहायला शिकला. १९७८ मध्ये अल्मा-आटाला प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. ऐंशीच्या दशकात झोपडपट्ट्यांसाठी हेल्थ पोस्ट म्हणजे वस्तीतली छोटी आरोग्य केंद्रं आली, त्यांचा भर मुख्यतः कुटुंब नियोजन आणि लसीकरणावर. पालिकेचे दवाखाने वेगळे, हेल्थ पोस्ट वेगळ्या. पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच आवारात, पण एकात औषध मिळणार आणि दुसऱ्यात लस, रजिस्टरं दोघांची निराळी.

आता मुद्द्याचं. १९९५ ला झोपडीच्या बदल्यात फुकट घराची योजना आली, २२५ चौरस फुटांचं, ते २००८ मध्ये २६९ आणि नंतर ३०० झालं. आपल्याकडे या योजनेवरची सगळी भांडणं पात्र-अपात्र, कट-ऑफ तारीख, बिल्डरने किती खाल्लं यावर होतात. तीही खरीच आहेत. पण आरोग्याच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात महाग पडलेला निर्णय वेगळाच होता आणि त्यावर ना मोर्चा निघाला ना कुठे हेडलाइन आली, कारण तो बांधकामाच्या नियमावलीच्या परिशिष्टात सवलत म्हणून बसलेला होता. साध्या बिल्डिंगला उंची वाढेल तशी आजूबाजूची मोकळी जागा वाढवावी लागते. पुनर्वसनाच्या बिल्डिंगला त्यात सूट. वर घनतेची अट अशी की हेक्टरी किमान ५०० घरं बसलीच पाहिजेत, पुढे ती ६५० वर गेली. कमाल किती हे राहिलं बाजूला, आधी किमान ठरलं!

सूट का दिली, तर गणित. बिल्डर फुकट घरं बांधणार, त्याच्या बदल्यात त्याला बाजारात विकायला बांधकाम मिळणार, मूळ हिशोबात उपनगरात एकास एक, शहरात एकास पाऊण, धारावीत एकास १.३३. म्हणजे एका प्लॉटवर जितक्या जास्त खोल्या कोंबल्या तितकं विकायचं बांधकाम जास्त. यात मोकळी जागा सोडणं म्हणजे सरळ नुकसान. बाजू घेणारे म्हणतात की सूट नसती तर योजना चाललीच नसती आणि लोक आजही पत्र्याखाली असते, संडाससाठी लाइन लावत असते. त्यांचं पूर्ण खोटं नाही, घरात नळ आणि संडास आल्याने बायकांचं किती जगणं सुधारलं हे त्या बायकांनाच विचारा. पण चालणं म्हणजे काय याचा हिशोब करताना बिल्डरचा नफा-तोटा मांडला गेला आणि पुढची तीस वर्षं दवाखान्यात येणारा खर्च कोणीच मांडला नाही, तो पालिकेच्या दुसऱ्या खात्यावर पडणार होता ना.

त्यातून मानखुर्द-गोवंडीचं जे झालं ते झालं. लोकल आणि रस्त्यांच्या मोठ्या प्रकल्पांसाठी शहरभरातून उठवलेले लोक तिथे आणले गेले, लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेकडे तक्रारी गेल्या, २००६ मध्ये तिने काही महिने पैसेही थांबवले, पण त्या वादात दुकानदार, भरपाई, कागदपत्रं हेच मुख्य होतं. दोन बिल्डिंगांमधली हवा हा वादाचा विषय नव्हता. त्या बिल्डिंगा तळमजला धरून साधारण आठ मजली आणि मधलं अंतर जेमतेम ३ मीटरच्या आसपास. आता तो जुना हिशोब लावा. ३ मीटरला दुप्पट म्हणजे ६ मीटर, दोन मजले. इथे आठ. खाली दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावावी लागते, मधल्या गल्लीत वरून कचरा पडतो म्हणून खिडकी बंद, आणि २२५ फुटात पाच-सहा माणसं. टीबीच्या जंतूला ऊन आणि खेळती हवा सोसत नाही, तेवढंच नेमकं तिथे नाही.

२०१८ च्या सुमारास डॉक्टर आणि इंजिनिअर मंडळींनी मिळून या वसाहतींत घरोघरी पाहणी केली. दाटीच्या दोन कंपाउंडमध्ये टीबीचं प्रमाण जास्त, त्यातही खालच्या मजल्यांवर, आणि जवळच्याच मोकळ्या आखणीच्या वसाहतीत त्यामानाने बरंच कमी. आता यावर कोणी म्हणेल की गरिबी, कुपोषण, जवळच्या देवनार डम्पिंगचा धूर हेही आहेच, आणि आहेच ते, एका पाहणीने सगळा दोष ३ मीटरवर टाकता येत नाही. पण एकाच बिल्डिंगमध्ये वर कमी आणि खाली जास्त असेल तर नुसत्या गरिबीकडे बोट दाखवून भागत नाही, गरिबी काय मजला बघून येत नाही.

माहुलचं प्रकरण त्या मानाने सगळ्यांना दिसलं. तानसा पाइपलाइनच्या कडेची घरं हटवून लोकांना रिफायनऱ्यांच्या शेजारी नेलं, राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच तिथल्या हवेचा लोकांच्या तब्येतीला धोका आहे असं म्हटलेलं असताना. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाने बजावलं की जबरदस्तीने तिथे पाठवू नका, दुसरं घर देता येत नसेल तर महिना १५,००० भाडं द्या. त्या आधी जी माणसं तिथे राहिली, त्यांना जवळ धड हॉस्पिटलही नव्हतं.

बाहेरच्या देशांत निर्णयाआधीची ही आरोग्य तपासणी कायद्यात यायला लागून बराच काळ झाला, थायलंडने २००७ च्या कायद्यात लोकांनाच ती मागायचा हक्क दिला. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की इतर खात्यांच्या धोरणांचं आरोग्याच्या नजरेतून मूल्यमापन करू. लिहिलंय. पर्यावरणाची मंजुरी २००६ च्या नियमाने २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला लागते, तिथे झाडं, पाणी, सांडपाणी, पार्किंग सगळं विचारतात, पण तळमजल्यावरच्या माणसाला किती तास ऊन मिळणार यावर कोणाची मंजुरी अडत नाही.

दवाखान्याच्या बाजूने या काळात हललं नाही असं नाही. २०१३ मध्ये शहरी आरोग्य अभियान आलं, ५०,००० वस्तीमागे एक केंद्र असं माप ठरलं. पालिकेचे जुने दवाखाने दोनशेच्या आसपास, पण वेळ सकाळी नऊ ते दुपारी चार, म्हणजे नाक्यावर काम शोधणाऱ्याने खाडा करूनच जायचं. २०२२ पासून पालिकेने काढलेल्या ‘आपला दवाखान्यांनी’ हे तरी बदललं, रात्री दहापर्यंत उघडे, १४७ तपासण्या फुकट. त्यातले काही पोर्टा केबिनमध्ये आहेत, कारण दाट वस्तीत पक्की जागाच शिल्लक नाही, आणि का नाही ते वर आलंच.

आणि घरोघरी जाऊन खोकला किती दिवसांचा आहे विचारणाऱ्या त्या आरोग्य स्वयंसेविका. पगार नाही, मानधन, त्यासाठी वर्षानुवर्षं आझाद मैदान आणि कोर्ट. कुठल्या बिल्डिंगमध्ये, कितव्या मजल्यावर तपासणीसाठी डब्यात थुंकी घेऊन जावं लागतं हे त्यांना पाठ असतं. टीबी २०१२ पासून कळवणं बंधनकारक आहे, त्याच वर्षापासून ऑनलाइन नोंदही होते आणि तीत पेशंटचा पत्ता असतोच. म्हणजे मूल्यमापनाला लागणारा कच्चा माल हेल्थ पोस्टवर रोज जमा होतो. तो नकाशे पास करणाऱ्या टेबलापर्यंत जायची मात्र सोय कुठल्याच नियमात नाही.

२०२४ मध्ये देवनार डम्पिंगची १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरलं. तिथे १९२७ पासून कचरा पडतोय. आधी कचरा साफ होईल मग बांधकाम असं सांगितलं जातंय, आणि त्या जमिनीवर जी कोणती बिल्डिंग उभी राहील ती त्याच एम पूर्व वॉर्डात असेल जिथे लल्लूभाई आणि नटवर पारेख आहेत.