लेसर उपचार (त्वचा व केस)

त्वचेवरील नको असलेले केस, डाग, जन्मखुणा, चामखीळ, गोंदण आणि मुरुमांचे खड्डे यांवर लेसर किरणांनी केले जाणारे वैद्यकीय उपचार. लेसर हा ठरावीक तरंगलांबीचा, न पसरता सरळ जाणारा तीव्र प्रकाश असतो. त्वचेवर पडल्यावर तो आपल्या तरंगलांबीला मानवणारे द्रव्य शोधतो आणि तापवतो. केसातले मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य, रक्तातला लाल रंग, गोंदणाची शाई, पेशींतले पाणी ही त्याची लक्ष्ये. समोर केस आहे की त्वचा, हे त्याला कळत नाही. गोऱ्या त्वचेवर काळा केस असेल तर फारसे बिघडत नाही. सावळ्या त्वचेत मात्र तेच मेलॅनिन केसातही असते आणि त्वचेतही. भारतात या उपचारांतील कौशल्य, आणि चुकाही, बहुतांशी इथेच असतात.

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात चालवून दाखवला. तो माणकाच्या स्फटिकाचा, म्हणजे रूबी लेसर होता. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी पुढच्या काही वर्षांतच तो त्वचेवर वापरून पाहिला. डाग जळत, पण आजूबाजूची त्वचाही भाजून व्रण उरत. त्यावरचा उपाय रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये सिद्धान्ताच्या रूपात मांडला. प्रकाशाचा रंग अचूक निवडणे पुरेसे नाही, तो किती वेळ द्यायचा हेही मोजावे लागते, असे त्यांनी दाखवले. गरम भाताचे एक शीत ताटात पडले की लगेच निवते. उकडलेला बटाटा वरून निवला तरी आत चटका देतो. त्वचेतील मेलॅनिनचे कण शितासारखे, केसाचे जाड मूळ बटाट्यासारखे. म्हणून केसांसाठीचा प्रकाश काही मिलिसेकंदांपासून (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) काही दहा मिलिसेकंदांपर्यंत सोडतात: तेवढ्यात बारीक कण मिळालेली उष्णता देऊनही टाकतात, मुळात मात्र ती साठत जाते. गोंदणाच्या शाईचे कण अतिसूक्ष्म असल्याने तिथे हाच काळ सेकंदाच्या अब्जांशांत मोजतात.

केस कमी करणे हा यांतला सर्वांत जास्त मागणी असलेला उपचार. केसाच्या दांड्यातून उष्णता मुळाजवळच्या, नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत पोचवायची असते. त्यामुळे मुळात केस असावाच लागतो. येण्याआधी चार-सहा आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग किंवा चिमट्याने उपटणे बंद ठेवायला सांगतात ते यासाठीच. रेझर चालतो, कारण तो मूळ तसेच ठेवतो. पार्लरमध्ये ब्लीच केलेला केस सोनेरी दिसतो, पण त्यात लेसरला धरायला काही उरत नाही. पांढऱ्या केसांचेही तेच. त्यांच्यासाठी एकेका मुळात सुई घालून विजेने ते नष्ट करण्याची जुनी, कंटाळवाणी पद्धतच अजून खात्रीची आहे.

प्रत्यक्ष बैठक दिसायला साधी असते. आदल्या दिवशी किंवा तिथेच केस काढलेले असतात, त्वचेवर गार जेल लावतात, खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा असतो. हा नियम मोडणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे. प्रत्येक शॉटला ताणून सोडलेला रबर बँड बसावा तसा चटका जाणवतो, ओठाच्या वर जास्त, पोटरीवर कमी. जळक्या केसाचा वास येतो. काही मिनिटांत मुळांभोवती अंगावर काटा आल्यासारखे बारीक लालसर फुगवटे उठतात. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही, नेम मुळाला लागल्याची ती खूण असते. पूर्ण त्वचा राखाडी किंवा पांढरट पडली तर मात्र ती भाजली आहे. पुढचे दोन-तीन आठवडे केस वाढताना दिसतात आणि ‘काही उपयोग झाला नाही’ असा फोन जातो. प्रत्यक्षात ते जळलेले दांडे बाहेर पडत असतात.

केस वाढणे, आक्रसणे आणि विश्रांती या अवस्थांतून जातो आणि लेसर वाढीच्या अवस्थेतील केसालाच नीट लागू पडतो. सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात. त्यामुळे चेहऱ्यावर साधारण चार ते सहा, अंगावर सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ ‘सिटिंग्ज’ लागतात. लग्न दोन महिन्यांवर आल्यावर चौकशीला येणाऱ्यांना हे गणित आवडत नाही. जाहिरातीतला ‘कायमचे निर्मूलन’ हा शब्दही सैल आहे. अमेरिकेची अन्न व औषध प्रशासन संस्था फक्त ‘कायमस्वरूपी घट’ म्हणू देते, म्हणजे उपचारांनंतर पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणे. हनुवटी व गळ्यावरचे दाट केस पीसीओएससारख्या (बीजकोशांशी निगडित विकार) संप्रेरकांच्या बिघाडातून येत असतील तर नवी मुळे जागी होत राहतात. मूळ तक्रारीवर औषध न घेता नुसते शॉट घेणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

यंत्राची निवड त्वचेवर ठरते. ७५५ नॅनोमीटर (मीटरचा अब्जांश) तरंगलांबीचा अलेक्झांड्राइट लेसर उजळ त्वचेला सोयीचा, ८०० ते ८१० चा डायोड मधला, आणि १०६४ चा एनडी-याग सावळ्या व काळ्या त्वचेसाठी सर्वांत सुरक्षित मानला जातो. तरंगलांबी वाढते तसे मेलॅनिन तिला कमी शोषते आणि ती खोल उतरते. त्वचेचे प्रकार ठरवायला डॉक्टर थॉमस फिट्झपॅट्रिक यांची १९७५ ची, त्वचा उन्हात भाजते की रापते यावर बेतलेली श्रेणी वापरतात. ती आखली होती गोऱ्या रुग्णांना अतिनील किरणांची मात्रा ठरवण्यासाठी. गव्हाळ-सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा हे प्रकार तिला नंतर जोडले गेले, आणि आपल्याकडचे बहुसंख्य लोक चौथ्या-पाचव्यात बसतात. उन्हात दुचाकी चालवून हात रापले असतील तर काही आठवडे थांबणे आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागी चाचणी घेणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. पार्लरमधला आयपीएल हा लेसर नसून अनेक तरंगलांबींचा झगझगीत प्रकाश असतो. सावळ्या त्वचेवर त्याने भाजण्याचा धोका जास्त.

कधीकधी उलटेच घडते. अपुऱ्या उष्णतेने मूळ मरण्याऐवजी चेतवले जाते आणि गालाच्या, गळ्याच्या कडेला लव होती तिथे जाड केस येतात. सावळ्या त्वचेच्या आणि संप्रेरकांचा त्रास असलेल्या स्त्रियांत हे जास्त आढळते. बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांना १९६० च्या दशकात पाठीवरचे केस काढलेल्या उंदरांवर मंद रूबी लेसर टाकल्यावर केस लवकर उगवलेले दिसले होते. टक्कल पडणाऱ्यांसाठीचे लेसरचे कंगवे आणि टोप्या त्याच निरीक्षणाच्या वंशातल्या. त्यांचा परिणाम असलाच तर माफक.

डागांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. गालावरचा वांग लेसरने काही आठवडे फिका होतो आणि उन्हात गेल्यावर पूर्वीपेक्षा गडद होऊन परतू शकतो. काळी पडून मखमलीसारखी जाड झालेली मान दाखवायला येणाऱ्याची आधी रक्तशर्करा तपासावी, कारण ते बहुधा इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याचे लक्षण असते.

चामखीळ आणि मुरुमांचे खड्डे यांसाठी कार्बन डायऑक्साइड लेसर वापरतात. १०,६०० नॅनोमीटरचा हा किरण रंगाकडे पाहत नाही, पेशींतल्या पाण्याची वाफ करतो. तो १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधणारे कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. खड्ड्यांसाठी सबंध त्वचा न सोलता चाळणीसारखी सूक्ष्म छिद्रे पाडतात, म्हणजे मधल्या शाबूत त्वचेतून जखम लवकर भरते. तरीही खड्डे उथळ होतात, बुजत नाहीत.

गोंदणाला १०६४ चा अतिलघुकाळाचा किरण चालतो. शाईचे कण फुटतात आणि शरीरातल्या भक्षकपेशी ते हळूहळू वाहून नेतात. गावाकडच्या आजीच्या कपाळावरचे, काजळीने टोचलेले हिरवट गोंदण यंत्राच्या रंगीत टॅटूपेक्षा कमी बैठकींत निघते. काजळी हा शुद्ध काळा कर्ब, आणि तो टोचलेलाही विरळ असतो. पिवळा, हिरवा रंग चिवट. भुवयांना लावलेली त्वचेच्या रंगाची शाई तर लेसरखाली काळी पडू शकते. पुष्कळदा शाई गेल्यावर त्या जागचे मेलॅनिनही गेलेले असते, आणि तुळस किंवा नाव जसे टोचले होते तसेच, पण फिक्या रेषांत, काही महिने दिसत राहते.